गाण्यासाठीचा लिनक्स संगणक: बसवण्यापासून खरखर शोधण्यापर्यंत

कोल्हापुरातल्या मंगळवार पेठेतल्या आप्पांचा सीडी प्लेअर गेल्या पावसाळ्यात बसला. ट्रेच बाहेर येईना. घरात तीनेकशे सीडी, त्यातल्या निम्म्या जयपूर-अत्रौली घराण्याच्या, आणि माळ्यावर नातवाचा जुना लॅपटॉप धूळ खात पडलेला. आप्पा म्हणाले, "मला त्यातलं काय कळत न्हाई. एक बटण दाबलं की गाणं लागलं पाहिजे, आणि मधी टिंग-टुंग नको." ज्या गावात शाहू महाराजांच्या दरबारी अल्लादियाखाँसाहेब गायले, तिथल्या ऐकणाऱ्याची ही मागणी काही फार नाही. तो लॅपटॉप आता आप्पांच्या ॲम्पशेजारी वर्षभर बिनतक्रार वाजतोय. बिनतक्रार म्हणजे, आधीच्या तक्रारी निस्तरल्यावर. त्या सगळ्या खाली आल्या आहेत.

एक गोष्ट आधीच सांगतो. कमांड इथं उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहिल्या आहेत. टाइप करताना त्या इंग्रजी छोट्या अक्षरांत करायच्या. जिथं मोठी अक्षरं लागतात तिथं तसं सांगितलंय.

यंत्र कुठलं घ्यावं

गाणं वाजवायला ताकद लागतच नाही. दहा-बारा वर्षांपूर्वीचा, दोन जीबी रॅमचा लॅपटॉपसुद्धा भरपूर झाला. उलट लॅपटॉपचा एक फायदा कुणी मोजत नाही: त्याची बॅटरी म्हणजे फुकटचा यूपीएस. आपल्याकडे वळवाचा पाऊस आला की लाईट जाणार हे ठरलेलं. बॅटरी वीस मिनिटं टिकत असली तरी मशीन नीट बंद करायला तेवढी पुरते.

रास्पबेरी पाय हा तळहाताएवढा संगणकही चालतो आणि त्यासाठी व्हॉल्युमिओ, मूड ऑडिओ अशा आयत्या सिस्टिम मिळतात. मेमरी कार्डवर लिहिल्या की काम झालं. मात्र त्याच्या जुन्या मॉडेलांवरचा हेडफोन जॅक गाण्यासाठी सुमारच, आणि 2023 साली आलेल्या पाय 5 ला तर जॅकच नाही. म्हणजे वेगळा डॅक आलाच. शिवाय वाजता वाजता लाईट गेली की मेमरी कार्ड खराब होण्याची भीती. म्हणून मी जुन्या लॅपटॉपच्या बाजूचा.

डॅक म्हणजे संगणकातले आकडे आवाजात बदलणारी डबी. लॅपटॉपमध्ये ती आत असतेच, आणि सुरुवात तिच्यावरच करावी. आवाजात मागे बारीक चिरचिर, माउस हलवला की बदलणारी, अशी येत असेल तरच यूएसबी डॅक घ्या. तो "यूएसबी ऑडिओ क्लास" पाळणारा असला की लिनक्सला वेगळा ड्रायव्हर लागत नाही. खोचला की ओळखला. विकत घेताना दुकानदाराला हेच विचारा. खोक्यावर किती किलोहर्ट्झ छापलंय ते नंतर.

लिनक्स बसवणं

लिनक्सच्या अनेक प्रकारांपैकी मी डेबियन वापरतो. कंटाळवाणं आहे, म्हणूनच चांगलं: बसवलं की विसरून जाता येतं. आवृत्ती 12 पासून वायफाय वगैरेचे फर्मवेअर अधिकृत इन्स्टॉलरमध्येच येतात, पूर्वीसारखी शोधाशोध नाही. लॅपटॉप अगदीच जुना, 32 बिटचा असेल तर आवृत्ती 12 वरच थांबा. 13 मध्ये 32 बिटचा इन्स्टॉलर काढून टाकलाय.

दुसऱ्या संगणकावर इमेज उतरवून पेन ड्राइव्हवर लिहा, लॅपटॉप त्यावरून सुरू करा, आणि विचारेल तसं पुढे जा. एका ठिकाणी मात्र थांबायचं. काय काय बसवायचं अशी यादी येते, तिथं डेस्कटॉपच्या सगळ्या खुणा काढून टाका आणि "एसएसएच सर्व्हर" (दुसऱ्या संगणकावरून कमांड द्यायची सोय) वर खूण करा. डेस्कटॉपच नाही म्हणजे टिंग-टुंगही नाही, अपडेटच्या खिडक्याही नाहीत. यापुढे लॅपटॉपला हात लावायची गरज नाही, सगळं दुसऱ्या संगणकावरून एसएसएचनं करायचं.

बसवून झाल्यावर लगेच एक काम. लॅपटॉपचं झाकण मिटलं की तो झोपतो. ते थांबवायला "/इटीसी/सिस्टमडी/लॉगइनडी.कॉन्फ" या फाइलमध्ये "हँडललिडस्विच" ही ओळ शोधा, पुढचं हॅशचं चिन्ह काढा आणि किंमत "इग्नोर" करा. फाइलच्या नावात "लॉगइन" मधलं "लॉग" आणि "इन" एकच शब्द, त्यात दोन ओ नाहीत. मी पहिल्यांदा तिथंच दहा मिनिटं घालवली होती. मग रीस्टार्ट.

शक्य असेल तर राउटरला लॅन केबलनं जोडा, आणि राउटरच्या सेटिंगमध्ये या लॅपटॉपचा आयपी पत्ता कायमचा राखून ठेवा. नाहीतर महिन्याभरानं पत्ता बदलतो, आणि "फोनला मशीनच सापडत नाही" म्हणून तुम्हालाच बोलावणं येतं.

सीडी उतरवणं आणि नावं

"एबीसीडीई" नावाचा प्रोग्राम बसवा. तो सीडी वाचतो, नावं शोधतो आणि फाइल बनवतो. त्याला "-ओ फ्लॅक" असं सांगायला विसरू नका, नाहीतर तो दुसऱ्याच, गुणवत्ता कमी करणाऱ्या स्वरूपात फाइल बनवून ठेवतो. फ्लॅकमध्ये सीडीवरचं काहीच गळत नाही, तरी जागा साधारण निम्मी ते साठ टक्के लागते. एक सीडी तीन-चारशे एमबी धरली तर आप्पांच्या तीनशे सीडी सव्वाशे जीबीच्या आत बसतात. जुनी मोनो ध्वनिमुद्रणं तर आणखी आखडतात. मोठी डिस्क घ्यायची गरज नाही. पण दोन घ्या, एक वाजवायला आणि एक कपाटात.

खरा वेळ जातो तो नावांत. परदेशी डेटाबेस पॉप गाण्यांसाठी बनलेले, त्यांना राग म्हणजे काय ते ठाऊक नसतं. एकच मालकंस एका सीडीवर "मालकौंस", दुसरीवर "मालकोश", तिसरीवर तिसरंच स्पेलिंग. फोनवर शोधलं की तिघांपैकी एकच सापडतो. आम्ही नियम केला: फोल्डर गायकाच्या नावाचा, आल्बमचं नाव सीडीवरचं, आणि गाण्याच्या नावात आधी राग, मग "विलंबित" किंवा "द्रुत", मग बंदिशीचे पहिले शब्द. सगळं देवनागरीत आणि रागाचं स्पेलिंग एकच. "पिकार्ड" या प्रोग्राममध्ये शंभर फाइल एकदम निवडून नावं बदलता येतात. बसंती केदार, नट कामोद असे जोडराग आणि संपूर्ण मालकंससारखे अनवट राग कुठल्या अक्षराखाली ठेवायचे यावर आप्पांनी दोन संध्याकाळी घालवल्या. हे काम घाईनं करू नका. एकदा केलं की जन्माचं आहे.

वाजवणारा प्रोग्राम

"म्युझिक प्लेअर डीमन", म्हणजे एमपीडी. हा पडद्यामागं वाजवत राहतो आणि फोन हा त्याचा रिमोट. फोन बंद केला, घराबाहेर नेला, तरी गाणं चालू. निवडण्याचं अजून एक कारण: बऱ्याच सीडींवर विलंबित संपून द्रुत सुरू होतं ते दोन वेगळ्या ट्रॅकवर असतं, पण गायक मध्ये थांबलेला नसतो. काही प्लेअर तिथं अर्धा सेकंद गप्प बसतात आणि समेच्या तोंडावर खड्डा पडतो. एमपीडी फ्लॅक फाइल सलग वाजवतो.

बसवायला: "सुडो एप्ट इन्स्टॉल एमपीडी एमपीसी" (एमपीसी म्हणजे एमपीडीला हुकूम देणारी छोटी कमांड). मग गाण्याची डिस्क जोडा. इथंच माझी पहिली फजिती झाली. मी डिस्क "/होम" खालच्या माझ्या फोल्डरात ठेवली आणि एमपीडीला एकही गाणं दिसेना. एमपीडी स्वतःच्या वेगळ्या युजरच्या नावानं चालतो आणि माझ्या घरात शिरायची त्याला परवानगीच नव्हती. डिस्क "/एसआरव्ही/गाणी" अशा सार्वजनिक जागी जोडा. फोल्डरचं नाव अर्थातच रोमन अक्षरांत ठेवा, टाइप करायला सोपं.

डिस्क कायमची जोडण्यासाठी "बीएलकेआयडी" कमांडनं तिचा यूयूआयडी, म्हणजे ओळख क्रमांक, घ्या आणि "/इटीसी/एफएसटॅब" मध्ये ओळ लिहा. ओळीत "नोफेल" हा शब्द हवाच. तो नसेल आणि डिस्क कधी सुटली असेल, तर मशीन सुरू होताना मध्येच अडतं आणि काळ्या पडद्यावर पासवर्ड मागत बसतं. हे मला भर गणपतीत आप्पांच्या घरी, पाहुण्यांसमोर कळलं. डिस्क ईएक्सटी4 मध्ये फॉरमॅट केलेली बरी. विंडोजची एनटीएफएस डिस्कही चालते, पण विंडोज नीट बंद न करता काढलेली असेल तर लिनक्स ती जोडायला कुरकुर करतं.

आता कार्ड ओळखायचं. "एप्ले -एल" (छोटा एल) दिल्यावर साउंड कार्डांची यादी येते. लॅपटॉपवर बहुधा दोन दिसतात: एक एचडीएमआय, म्हणजे टीव्हीला जाणारं, आणि दुसरं "पीसीएच" वगैरे नावाचं, म्हणजे हेडफोन जॅकचं. यूएसबी डॅक असेल तर तिसरं. यातला क्रमांक नव्हे, नाव लिहून घ्या. क्रमांक रीस्टार्टनंतर बदलू शकतो. काल 1 असलेलं कार्ड आज 0 होतं आणि गाणं न जोडलेल्या टीव्हीकडं निघून जातं. एमपीडीला वाटतं वाजतंय, आणि खोलीत शांतता.

"/इटीसी/एमपीडी.कॉन्फ" मध्ये एवढं बदला. "म्युझिक_डिरेक्टरी" पुढं गाण्यांच्या फोल्डरचा पत्ता. "बाइंड_टू_ॲड्रेस" पुढं "एनी", नाहीतर तो फक्त स्वतःशीच बोलतो, फोनशी नाही. आणि "ऑडिओ_आउटपुट" च्या महिरपी कंसात टाइप "अल्सा", डिव्हाइस "एचडब्ल्यू:कार्ड=" पुढं तुम्ही लिहून घेतलेलं नाव (यातला "कार्ड" शब्द मोठ्या अक्षरांत), आणि "मिक्सर_टाइप" ला "नन". याचा अर्थ असा की फाइलमध्ये जे आहे ते जसंच्या तसं डॅककडं जाईल, मध्ये कुणी आवाज कमी-जास्त करणार नाही. मोठा-लहान आवाज ॲम्पच्या बटणावर.

सावध: याचाच दुसरा अर्थ की पहिलं गाणं पूर्ण ताकदीनं बाहेर पडणार. ॲम्प आधी शून्यावर आणा. स्पीकर थेट लॅपटॉपला असतील आणि त्यांना बटण नसेल तर "नन" ऐवजी "सॉफ्टवेअर" लिहा. फरक कानाला कळणार नाही, आणि शेजारी टिकतील.

मग "सुडो सिस्टमसीटीएल रीस्टार्ट एमपीडी", त्यानंतर "एमपीसी अपडेट", म्हणजे तो गाण्यांची यादी बनवेल. फोनवर एम.ए.एल.पी. नावाचं ॲप घ्या, त्यात लॅपटॉपचा पत्ता आणि पोर्ट 6600 भरा. यादी दिसली की झालं.

डेस्कटॉपसकट लिनक्स वापरणाऱ्यांसाठी चार शब्द. आजकाल तिथं आवाजाचा कारभार पाइपवायर पाहतो. तो सगळं 48 किलोहर्ट्झवर आणतो, आणि सीडी असते 44.1 ची, म्हणजे मध्ये रूपांतर होतं. ते इतकं चांगलं होतं की मला ऐकून ओळखता येत नाही. तरी मनाला टोचत असेल तर पाइपवायरच्या सेटिंगमध्ये परवानगीच्या दरांत 44100 घाला आणि "पीडब्ल्यू-टॉप" मध्ये काय चाललंय ते पाहा.

वाजत नाही तेव्हा

कानाकडून सुरुवात करायची आणि एकेक कडी मागं जायची. स्पीकर, ॲम्प, केबल, कार्ड, प्रोग्राम, फाइल, डिस्क. एका वेळी एकच गोष्ट बदला. एका रविवारी आप्पांचा फोन आला, "मगाशी वाजत हुतं की, आता गप्प झालंय." मी जाऊन दोन तास टर्मिनलमध्ये घातले, एमपीडी काढून परत बसवला. शेवटी काकू चहा ठेवता ठेवता म्हणाल्या, नात ॲम्पशी खेळत होती. ॲम्पचा खटका "टेप" वर होता.

म्हणून पहिली चाचणी: ॲम्पला येणारी केबल लॅपटॉपमधून काढा आणि फोनला लावा. जॅक नसलेला फोन असेल तर जुना एखादा शोधा. फोन वाजला तर स्पीकर, ॲम्प, केबल तिन्ही सुटले. नाही वाजला तर लिनक्सला हातही लावू नका.

दुसरी: एमपीडी थांबवा आणि "स्पीकर-टेस्ट" चालवा, सोबत "-सी 2 -टी वेव्ह" आणि "-डी" (मोठी) पुढं तेच कार्डाचं नाव, फक्त "एचडब्ल्यू" च्या जागी "प्लगएचडब्ल्यू". एक बाई आलटून पालटून डावा-उजवा स्पीकर सांगते. ती बोलली आणि बाजूही बरोबर असल्या, तर कार्डही सुटलं, घोळ एमपीडीत आहे.

बाई गप्प असेल तर "अल्सामिक्सर" उघडा. एफ6 दाबून योग्य कार्ड निवडा. पडद्यावर उभ्या पट्ट्या दिसतात. प्रत्येक पट्टीच्या पायाशी एक चौकोन. त्यात दोन शून्यं असली तर पट्टी चालू. दोन एम असले तर ती मुकी. बाणानं तिथं जाऊन कीबोर्डवर एम दाबायचा. फक्त "मास्टर" बघून थांबू नका. "हेडफोन" ची पट्टी वेगळी असते आणि नव्यानं बसवलेल्या मशीनवर तीच मुकी सापडते. शेवटी "ऑटो-म्यूट" नावाचं एक घर असतं: जॅकमध्ये काही खोचलंय असं वाटलं की ते लॅपटॉपचे स्पीकर बंद करतं. पावसाळ्यात जॅकवर काळपट थर चढला की त्याला उगाचच वाटत राहतं. पिन चार-पाच वेळा आत-बाहेर फिरवा. सगळं जुळलं की "सुडो अल्साकंट्रोल स्टोअर" (कंट्रोल म्हणजे फक्त सीटीएल) करून ठेवा.

"डिव्हाइस ऑर रिसोर्स बिझी" असा संदेश आला तर कार्ड दुसऱ्या कुणीतरी धरून ठेवलंय. "सुडो फ्यूजर -व्ही /देव/एसएनडी/*" विचारलं की चोराचं नाव कळतं. डेस्कटॉप असलेल्या मशीनवर तो बहुतेक वेळा पाइपवायर किंवा ब्राउझर असतो.

माझी सगळ्यात आवडती जागा मात्र "/प्रॉक/एसाउंड" खाली आहे. तिथं कार्डाच्या फोल्डरात, "पीसीएम0पी" आणि मग "सब0" मध्ये "एचडब्ल्यू_पॅराम्स" नावाची फाइल असते. गाणं चालू असताना ती "कॅट" कमांडनं वाचा. "क्लोज्ड" दिसलं तर कार्डापर्यंत काही पोचतच नाहीये, गाणं दुसरीकडं चाललंय. "रेट: 44100" दिसलं तर सीडी न बदलता पोचतेय. इथं जे लिहिलंय तेच प्रत्यक्ष घडतंय, प्रोग्राम काय दाखवतो याला अर्थ नाही.

वाजतं, पण नीट नाही

गाण्याचा पहिला अर्धा सेकंद कापला जातो, किंवा गाणं थांबल्यावर स्पीकरमध्ये "टक्" होतं: हे लॅपटॉपचं कार्ड वीज वाचवायला झोपतंय. "/इटीसी/मॉडप्रोब.डी" फोल्डरात नवी फाइल करून त्यात "ऑप्शन्स एसएनडी_एचडीए_इंटेल पॉवर_सेव्ह=0" लिहा आणि रीस्टार्ट करा. यूएसबी डॅक झोपत असेल तर हा उपाय चालत नाही, तिथं कर्नलला (लिनक्सच्या गाभ्याला) सुरू होताना "यूएसबीकोर.ऑटोसस्पेंड=-1" सांगावं लागतं.

मध्येच तुटतं, खरखरतं: "जर्नलसीटीएल -यू एमपीडी" वाचा. "डीकोडर इज टू स्लो" अशी ओळ असेल तर दोष आवाजाचा नाही, फाइल वेळेत पोचत नाहीये. डिस्क यूएसबीवर असेल तर तिला वीज पुरत नसेल (कान लावा, बारीक टकटक ऐकू येते), किंवा गाणी वायफायवरून येत असतील. डिस्कसाठी स्वतःचा ॲडाप्टर असलेला हब घ्या. लॉग स्वच्छ असून यूएसबी डॅक तुटत असेल तर डॅक आणि डिस्क लॅपटॉपच्या वेगवेगळ्या बाजूच्या पोर्टांत लावून बघा, आणि लांब केबल बदला. माझ्याकडं तरी अर्ध्या वेळा केबलच निघाली.

सतत घुंऽऽ असा आवाज: चार्जर काढा आणि बॅटरीवर वाजवा. घुं थांबलं तर लिनक्सचा काही संबंध नाही, अर्थिंगचा प्रश्न आहे. ॲम्प आणि लॅपटॉप एकाच एक्स्टेंशन बोर्डवर आणा. बऱ्याचदा एवढ्यानं भागतं. नाही भागलं तर वायरमनला बोलावून घराचं अर्थिंग तपासा. उन्हाळ्यात अर्थिंगचा खड्डा कोरडा पडलेला असतो, पाणी घातल्यावर घुं कमी झालेलं मी ऐकलंय. डॅकला ऑप्टिकल आउटपुट आणि ॲम्पला ऑप्टिकल इनपुट असेल तर त्या केबलमधून वीज जातच नाही, प्रश्नच मिटतो. मात्र पिनचा तिसरा पाय कापायचा जो सल्ला गल्लोगल्ली मिळतो तो ऐकू नका. घुं जाईल, आणि शॉक बसेल.

आलापात आवाज आपोआप वर येतो आणि तान आली की दबतो: एमपीडीत "व्हॉल्युम_नॉर्मलायझेशन" कुणीतरी चालू केलंय. बंद करा. जाहिरातींसाठी ते ठीक आहे.

नावांच्या जागी प्रश्नचिन्हं: जुन्या एमपी3 फाइलचे टॅग युनिकोड नसलेल्या फॉन्टमधले असतात. त्यांना मंत्र नाही, पिकार्डमध्ये हातानंच लिहावे लागतात.

सगळं जुळल्यावर "/इटीसी" मधल्या तुम्ही हात लावलेल्या फाइल एका पेन ड्राइव्हवर घ्या: एफएसटॅब, एमपीडी.कॉन्फ, लॉगइनडी.कॉन्फ आणि मॉडप्रोबची ती छोटी. आप्पांच्या घरी तो पेन ड्राइव्ह ॲम्पच्या मागं चिकटपट्टीनं लावलाय, आणि लॅपटॉपच्या झाकणावर कागद: आयपी पत्ता, कार्डाचं नाव, बंद करायची कमांड. खाली आप्पांनी स्वतः बॉलपेननं वाढवलंय, "खटका टेपवर नाही ना?"